जुन्या स्क्रेपरला नवं पातं आणि पक्षी टिपायचा घरगुती सरंजाम

पक्ष्यांच्या फोटोग्राफीत खरा खर्च करावा असा एकच नग, तो म्हणजे लेन्स. बाकीचं, म्हणजे कॅमेरा जमिनीलगत ठेवायचा पाटा, लेन्सखाली घालायची धान्याची पिशवी, बसायचा आडोसा, हे सगळं विदर्भातल्या कुठल्याही गावात तयार होतं. जुन्या दाराची सागवानी फळी सांदीला पडलेली असते, बांबू मिळतो, धान्य तर घरचंच. काम अडतं ते भलत्याच ठिकाणी. फळीवर ऑइल पेंटचे थरावर थर असतात, ते काढायला आजोबांच्या पेटीतून स्क्रेपर निघतो आणि त्याचं पातं गंजून खपलेलं असतं. दुकानदार म्हणतो, "असं पातं आता येत नाही, नवा घेऊन टाका." नवा म्हणून तो जे पुढे करतो ती पुट्टी भरायची पत्ती असते. सागवानावर ती दोन हात मारले की वाकते.

म्हणून सुरुवात पात्यापासून करू.

पातं उघडा, मोजा, कागदावर उतरवा

स्क्रू जाम असेल तर डिझेलचे चार थेंब सोडून रात्रभर राहू द्या. पेचकसाचं तोंड खाचेत गच्च बसणारं घ्या. सैल पेचकसाने खाच मोडली की स्क्रू ड्रिल करूनच काढावा लागतो.

पातं हातात आलं की त्यावरचं कंपनीचं नाव वाचण्यात वेळ घालवू नका. ती कंपनी असो वा नसो, पातं जुळतं ते मापाने. लांबी, रुंदी, जाडी, भोक केवढं आणि कुठे, आणि धार किती कडांना आहे, एवढं लिहून घ्या. यात जाडीला सगळ्यात जास्त मान द्या. लांबी-रुंदी घासून कमी करता येते, जाडीचं तसं नाही. पातं जाड असेल तर ते चिमट्यात बसत नाही आणि पातळ असेल तर काम करताना थरथरतं, लाकडावर लाटा उमटतात. गंजलेल्या कडेला जाडी मोजू नका. स्क्रूच्या टोपीखाली झाकलेला गोल भाग बहुधा मूळ जाडीचा राहिलेला असतो, तिथे मोजा. व्हर्निअर नसेल तर गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जा. तांब्याच्या तारेची जाडी बघायला त्याच्याकडे मायक्रोमीटर असतो, पात्याची जाडी तो उभ्या उभ्या सांगेल.

दोन भोकं असतील तर त्यांच्यातलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत धरा. मग पातं कागदावर ठेवून बारीक टोकाच्या पेन्सिलीने बाहेरची रेघ आणि भोकं काढून घ्या. हा कागद खिशात असला की दुकानात फार बोलावं लागत नाही.

आता हे माप रोजच्या विक्रीतल्या पात्यांशी ताडून बघा. ३८ बाय १९ मिलिमीटर, एकाच बाजूला धार आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याचा कणा असेल तर ते काच खरवडायचं एकधारी रेझर पातं आहे. लांबी साठच्या आसपास, रुंदी १९, आकार समलंब आणि वरच्या कडेला खाचा असतील तर ते युटिलिटी चाकूचं पातं. दोन्ही तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. १८ मिलिमीटरचं तुकडे मोडत जायचं कटरचं पातं तर स्टेशनरीवाल्याकडेही असतं. पण ही सगळी पाती नाजूक. काचेवरचा रंग, टेपचा डिंक, स्टिकर यांच्यासाठी ठीक.

लाकूड ओढून खरवडायच्या स्क्रेपरचं पातं जाड असतं. ते ऑनलाइन शोधायचं तर शोधाच्या चौकटीत नावाऐवजी माप लिहा, आणि पानावर जाडी दिलेली नसेल तर विक्रेत्याला विचारल्याशिवाय पैसे भरू नका. कार्बाइडचं पातं मिळालं तर ते खूप टिकतं, मात्र साध्या दगडावर त्याला धार लागत नाही, हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. नागपूरला जाणं होत असेल तर तोच कागद घेऊन इतवारीतल्या लोहाओळीत चक्कर मारा.

माझं विचाराल तर जाड पात्यासाठी एवढं हिंडण्यापेक्षा आरामशीन गाठावी.

आरामशीनवरची पट्टी

लाकूड चिरायच्या बँडसॉची पट्टी वापरून वापरून तडकते आणि भंगारात जाते. तिची जाडी मिलिमीटरच्या आसपास असते, रुंदी भरपूर असते, आणि पोलाद असं की वाकवून सोडलं तर पुन्हा सरळ होतं. स्क्रेपरला याहून जास्त काही नको. हातभर तुकडा मालक बहुतेक वेळा चहाच्या पैशात देतो. दुसरा पर्याय म्हणजे वेल्डिंगच्या दुकानातलं पॉवर हॅकसॉचं मोडकं पातं. ते जास्त जाड आणि जास्त कडक. हाताच्या हॅकसॉचं पातं मात्र फारच अरुंद, जेमतेम अर्ध्या इंचाचं. कोपऱ्या-खाचांत घालायला ठीक, सपाट फळीला नाही.

पोलाद ओळखायला कानस लावून बघा. लोण्यात शिरावी तशी शिरली तर तो नुसता पत्रा. कुरकुर करत जेमतेम चावली तर पातं होईल. चावलीच नाही, वरून घसरली, तर ते हायस्पीड स्टील असण्याचा संभव जास्त. त्याचं पातं उत्तम होतं, पण धार दगडावरच काढावी लागेल. गावच्या लोहाराला दाखवलंत तर तो कानस न लावता, नुसतं ऐरणीच्या कडेला वाजवून सांगेल, "हे पोलाद नाही जी, पत्रा आहे." त्याच लोहाराकडे पातं नव्याने घडवून मागितलंत तर तो ट्रकच्या कमानीचा, म्हणजे लीफ स्प्रिंगचा, तुकडा काढेल. पोलाद चांगलंच आहे, कुऱ्हाडीला, विळ्याला त्याच्यासारखं नाही. पण ते स्क्रेपरच्या कितीतरी पट जाड असतं. ठोकून एक-दीड मिलिमीटरवर आणायचं, मग पाणी द्यायचं, म्हणजे तापवून विझवून कडक करायचं, आणि एवढा पातळ तुकडा पाणी देताना वेडावाकडा होतोच. तयार पातळ पट्टी असताना हा खटाटोप नको.

कापण्याची रीत अशी. कागदावरचा आकार पट्टीवर चिकटवा. अँगल ग्राइंडरला एक मिलिमीटरची कटिंग डिस्क लावून रेघेवर खाच पाडा, आरपार कापायची घाई करू नका. दर काही सेकंदांनी तुकडा पाण्यात बुडवा. ग्राइंडरखाली पोलादावर आधी पिवळसर आणि मग निळी झाक येते. आरामशीनच्या पट्टीत निळी झाक धारेच्या जागी आली की तिथला कडकपणा गेला असं समजा, तेवढा भाग घासून टाकावा लागतो. हायस्पीड स्टील मात्र ही उष्णता सहन करतं. खाच पुरेशी खोल झाली की पट्टी व्हाइसमध्ये खाचेपर्यंत आवळा, वर पोत्याचं फडकं टाका आणि झटका देऊन मोडा. डोळ्यावर गॉगल हवाच. कडक पोलादाची कपची कुठे उडेल सांगता येत नाही.

भोक पाडणं सगळ्यात कटकटीचं. साधा ड्रिल बिट या पोलादावर बोथट होतो. टाइल्सना भोक पाडायचा कार्बाइड टोकाचा बिट घ्या, वेग कमी ठेवा आणि तेल सोडत राहा. किंवा भोक पाडूच नका. मागच्या कडेपासून स्क्रूच्या जागेपर्यंत डिस्कने उघडी खाच काढा. पातं त्या खाचेतून स्क्रूभोवती सरकवून आवळता येतं, आणि पुढे घासून लहान झालं की थोडं पुढेही ओढता येतं.

धार: दांड्याच्या स्क्रेपरची वेगळी, नुसत्या पत्तीची वेगळी

दांडा असलेल्या, आपल्याकडे ओढायच्या स्क्रेपरला एकाच बाजूने उतार हवा, साधारण ४५ अंशांचा. पातं व्हाइसमध्ये धरून बारीक दातांची सपाट कानस एकाच दिशेने चालवा. उताराच्या उलट बाजूला बोटाला बारीक कोर लागली की धार आली. ती कोर काढू नका, तीच लाकूड सोलते. पात्याचे दोन्ही कोपरे मात्र किंचित गोल करा, नाहीतर फळीवर समांतर ओरखडे उठतात.

दांडा नसलेली, दोन्ही हातांत धरून अंगठ्याने जराशी वाकवून ढकलायची पत्ती हा वेगळा प्रकार. पाच इंच बाय अडीच इंच हे सोयीचं माप. तिची कड काटकोनात सपाट घासायची, मग दगडावर कड आणि दोन्ही बाजू गुळगुळीत करायच्या. त्यानंतर पत्ती टेबलावर आडवी ठेवून पोलादी दांडीने कडेलगत दाबून चार-पाच वेळा घासा. मग ती उभी धरून कडेवरून तीच दांडी दाबून फिरवा, आधी सपाट, नंतर पाच ते दहा अंश कललेली. कडेला नजरेला न दिसणारा बाक येतो आणि नखावर हळूच ओढला तर लागतो. दांडीसाठी विकतचं हत्यार नको. मोटारसायकलच्या मेकॅनिककडून इंजिनाचा जुना व्हॉल्व्ह मागून आणा. त्याची दांडी गुळगुळीत आणि कडक असते, मागे टोपीचा आयता हातही असतो.

धार बरोबर आहे का, हे फळीच सांगते. पातळ वळ्या निघाल्या तर ठीक. भुकटी निघत असेल तर पुन्हा दांडी फिरवा. सागवानात मुळातच सिलिका असते, त्यामुळे इतर लाकडांपेक्षा त्यावर धार लवकर मरते. मधूनमधून थांबून धार घ्यावी लागणं हा पात्याचा दोष नव्हे.

रंग खरवडण्याआधी

हा भाग कोणी सहसा सांगत नाही. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, शेंदरी रंगांत, शिसं याच्या कितीतरी पट असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. सँडपेपर तर नाहीच, त्याची धूळ श्वासात जाते. पाण्याचा फवारा मारून ओल्यावर खरवडा, तोंडाला चांगला मास्क बांधा, खाली जुनी ताडपत्री पसरा. लहान मुलं आणि कोंबड्या तिकडे फिरकू देऊ नका. निघालेले पापुद्रे चुलीत टाकू नका. ब्लोटॉर्चने रंग जाळून काढायचा मोहही आवरा. ओला कचरा पिशवीत बांधून ठेवा, हात धुतल्याशिवाय पाण्याच्या माठाला लावू नका.

रंगाखालचं लाकूड बघून सगळी मेहनत वसूल होते, हे खरं. आपल्याकडचं सागवान आहेच तसं. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं ते बल्लारपूरच्या डेपोतूनच. तुमच्या गोठ्याची मोडकी कवाडंही त्याच जातीची असू शकतात.

पाटा आणि दोन सुती-तीन सुतीचं गणित

फळीचा बारा बाय दहा इंचांचा, पाऊण इंच जाडीचा तुकडा घ्या. खालच्या कडा स्क्रेपरने गोल करा, म्हणजे गवतावरून आणि रेतीवरून सरकतो. दोन फळ्या जोडायच्या असतील तर जोडाची जागा आधी थिनरने पुसा. सागवान तेलकट, त्यावर गोंद नीट धरत नाही. शेवटी जवसाच्या तेलाचा हात द्या, चकाकणारं पॉलिश नको. तेलाची चिंधी घडी घालून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. उन्हात पसरून वाळवा.

मधोमध भोक पाडून खालून बोल्ट घालायचा आणि त्यावर बॉल हेड, म्हणजे कॅमेरा हवा तसा वळवून आवळायचा गोळ्याचा सांधा, बसवायचं. इथे बरेच जण चुकीचा बोल्ट आणतात. कॅमेऱ्याच्या आणि लेन्सच्या पायाच्या भोकाला पाव इंचाचा आटा असतो, इंचाला २० फेऱ्यांचा. बॉल हेडच्या बुडाला बहुधा तीन अष्टमांश इंचाचा, इंचाला १६ फेऱ्यांचा. दुकानात मागताना पाव इंचाला "दोन सुती" आणि तीन अष्टमांशाला "तीन सुती" म्हणा. जुन्या ब्रिटिश आट्याच्या बोल्टलाही याच मापात इतक्याच फेऱ्या असतात, त्यामुळे तोही चालतो, जरा ढिला वाटेल एवढंच. दुकानदाराने "हा बसतो" म्हणून सहा मिलिमीटरचा बोल्ट दिला तर घेऊ नका. तो एक-दोन फेऱ्या जातो, मग अडतो, आणि जोर लावला तर कॅमेऱ्याच्या बुडाचा आटा जातो. कॅमेरा थेट पाट्यावर बसवणार असाल तर बोल्टचं टोक फळीच्या वर साडेचार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ देऊ नका. जास्त आलं तर वायसर घालून उंची कमी करा. बोल्टची टोपी फळीच्या आत बुडेल एवढा खड्डा पटाशीने खालून कोरा.

चिखलात मात्र लाकडी पाटा रुतून बसतो. तळ्याच्या काठाला गाळ असेल तर प्लास्टिकचं घमेलं घ्या. बुडाला भोक पाडून तोच तीन सुती बोल्ट मोठ्या वायसरसकट लावा. घमेलं गाळावरून सरकतं आणि त्याच्या काठामुळे पाणी आत येत नाही. शेकाट्या, तुतवार या काठावरच्या पक्ष्यांच्या डोळ्यांच्या उंचीला कॅमेरा येतो तो असाच. उभ्याने काढलेल्या फोटोत नुसती पाठ आणि चिखल दिसतो.

धान्याची पिशवी

जुन्या जीन्सची पोटरी कापा, एक तोंड दुहेरी शिवा, दुसऱ्याला चेन किंवा चिकटपट्टी लावा. लांबी चौदा इंच पुरते. आत विणलेल्या प्लास्टिकचं अस्तर घाला. खताच्या गोणीचं वापरणार असाल तर ते दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यातला क्षार लेन्सच्या धातूला खातो. पिशवी दोन-तृतीयांशच भरा. ठासून भरलेल्या पिशवीवर लेन्स गडगडते, सैल पिशवीत ती आपली जागा करून बसते.

भरायला काय? विदर्भाच्या पूर्वेकडे धान, पश्चिमेकडे सरकी हे हाताशी असतं. धान हलकं आणि निसरडं, लांबच्या चालीला बरं. सरकी कपाशीच्या लवेमुळे एकमेकांत अडकून राहते, आकार धरते, पण भिजली की लवकर वाळत नाही. माझी पसंती हरभऱ्याला. दोन-अडीच किलोत पिशवी अशी बसते की वाऱ्यातही हलत नाही. बाहेरगावी जाताना पिशवी रिकामी न्या आणि तिथल्या किराणा दुकानातून भरून घ्या. पावसाळ्यात धान्य नकोच, कोंब फुटतात. प्लास्टिकचे दाणे भरा.

आडोसा

साडेचार फुटांचे चार बांबू, हिरवी शेडनेट आणि सुतळी. नेट दुहेरी घ्या, एकेरीतून आतली हालचाल दिसते. लेन्सच्या उंचीवर आडवी फट ठेवा. आडोसा उभारून लगेच बसू नका, तीन-चार दिवस तसाच राहू द्या, पक्षी त्याला सरावतात. आत जायचं ते उजाडण्याआधी. उशीर झाला तर दोघांनी मिळून जावं आणि एकाने परत फिरावं, पक्ष्यांना बहुधा वाटतं की माणसं गेली.

मालगुजारी तलावाच्या (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या गावतलावाच्या) काठी काहीही उभारण्याआधी ज्या मत्स्य संस्थेकडे तलाव आहे तिच्या लोकांशी बोला. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना कोणत्या कोपऱ्यात अडई बदकं उतरतात, कमळपक्षी कुठे चरतो, हे तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असतं, आणि जाळं कुठे लावलंय हेही तेच सांगतील. अभयारण्यात, व्याघ्र प्रकल्पात फोटोग्राफीसाठी वनखात्याची परवानगी लागते, तिथे आडोशाचा विचार सोडा.

लेन्स

सुरुवात करणाऱ्याने क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, वापरलेला कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स घ्यावी. लहान सेन्सरमुळे दीडपट गुणक धरला तर ती ४५० सारखी काम करते. खंड्या, वेडा राघू, नीलपंख यांना पुरते, तलावाच्या मध्यावरच्या बदकांना नाही. त्यासाठी १५०-६०० ची झूम, वजन दोन किलोच्या आसपास, म्हणून पिशवी आणि पाट्याची एवढी तयारी. नुसती ओळख पटवायला, नोंद ठेवायला ८३ पट झूमचे कॅमेरे सोपे आणि स्वस्त पडतात. उडत्या पक्ष्याला ते कमी पडतात, एवढं गृहीत धरून घ्या.

जुनी लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून बघा. आत धुळीचे दोन-चार कण असले तर हरकत नाही. कोळिष्टकासारखी बारीक जाळी दिसली तर ती बुरशी, सौदा सोडा. स्वयं-फोकस जवळून लांब आणि लांबून जवळ चालवून बघा, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचा आवाज ऐका.

शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, उडत्याला १/१६०० किंवा वर. काळ्या पाण्यावरच्या पांढऱ्या बगळ्याला प्रकाश एक पायरी कमी करा, नाहीतर पिसं जळतात, म्हणजे फोटोत नुसता पांढरा डाग उरतो. पाणकावळ्याला उलट. आणि मार्चनंतर नऊ वाजल्यावर लांबचे फोटो काढू नका. तापलेल्या जमिनीवरची हवा हलते, कितीही महाग लेन्स लावा, फोटो मऊच येणार.

सारस आणि घरटी

गोंदिया-भंडाऱ्याकडे सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं करतात. महाराष्ट्रात उरलेले सारस मुख्यतः तिथेच आहेत. घरट्याचा फोटो काढू नका, शेतमालकाने "या, दाखवतो" म्हटलं तरी नाही. जोडी उठली की अंड्यांवर ऊन आणि कावळे दोन्ही येतात. कुठल्याही पक्ष्याच्या घरट्याची जागा फोटोसोबत टाकू नका, मोबाइलमधली स्थाननोंद बंद ठेवा. मोबाइलवर आवाज वाजवून नवरंग पक्ष्याला बोलावणं हेही टाळायच्याच गोष्टींतलं.

पावसाळ्यात ठेवायचं कसं

जूनपासून सप्टेंबरपर्यंत पातं आणि लेन्स दोघांनाही दमट हवा खाते. स्क्रेपरचं पातं काढून तेलाचं बोट फिरवा आणि वर्तमानपत्रात गुंडाळा, दांड्यात लावलेलं ठेवलं तर स्क्रूखाली गंज धरतो. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. छोटा आर्द्रतामापक आत टाकला तर काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहील असं बघा. जेलच्या गोळ्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून थंड करा, मगच डब्यात टाका. आणि पिशवीतला हरभरा काढून वाळवा, तसाच ठेवला तर भुंगे पडतात आणि उंदीर जीन्ससकट कुरतडून नेतात.